तुटलेली कंडरा आणि परतणारा खेळाडू

इ. स. २०१५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १ तारखेस अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं तेथील रेव्हन्स संघ व सॅन डिएगोचा चार्जर्स संघ यांच्यामध्यें फुटबॉलचा सामना चालला असतां स्टीव्ह स्मिथ नांवाच्या खेळाडूच्या टांचेवरची कंडरा तुटली. त्याचें वय त्या वेळीं ३६ वर्षांचें होतें. ज्या खेळांत तिशी उलटलेल्या धांवणाऱ्या गड्यास लोक म्हातारा म्हणूं लागतात, त्या खेळांतील त्याचा हा पंधरावा हंगाम. आणि हाच आपला शेवटचा, असें त्यानें हंगाम सुरू होण्यापूर्वींच जाहीर केलें होतें. कंडरा एका नव्हे तर दोन ठिकाणीं तुटली आहे, असें त्याच्या संघाच्या प्रशिक्षकानें मागाहून सांगितलें. अशा गड्यानें पुन्हां मैदानावर येण्याची आशा धरावी काय, आणि धरल्यास किती धरावी, या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. प्रश्न एका परदेशी खेळाडूचा असला, तरी तो सोडवितांना शरीरशास्त्राचा व अंकगणिताचा जो उपयोग करावा लागतो, तो आमच्या विद्यार्थ्यांस परका नाहीं.

येथें प्रथमच एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतों तो खेळ अमेरिकेंत सॉकर या नांवानें ओळखला जातो; तेथील फुटबॉल निराळा. त्यांत दोन्ही टोकांस निमुळता असा लांबट चेंडू बहुतेक हातांनींच खेळवितात. प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात व मैदान १०० यार्डांचें असतें. चेंडू ज्या संघाच्या हातीं असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकलें पाहिजे. नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू फेंकणाऱ्या मुख्य गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात, आणि दूर धांवत जाऊन तो झेलणाऱ्यास रिसीव्हर म्हणतात. रिसीव्हर जेथें असतो तेथें चेंडू येत नाहीं. तो जेथें पोंचावयाचा असतो तेथें क्वार्टरबॅक चेंडू आधींच सोडून देतो. म्हणून ठरल्या पावलावर थांबणें, ठरल्या पावलावर वळणें, आणि अंगास अंग लावून धांवणाऱ्या प्रतिपक्ष्यास त्या एका क्षणांत मागें टाकणें, हें रिसीव्हरचें सारें काम. आपल्या खो-खोच्या खेळांत खो मिळतांच बसलेला गडी ज्या झटक्यानें उठून धांवतो, तो झटका ज्यानें पाहिला आहे त्यास या कामाची कल्पना येईल. हा झटका पोटरींतून निघतो व टांचेवरच्या कंडरेवाटे जमिनीस पोंचतो.

स्नायूच्या टोकाशीं जी पांढरी व चिवट दोरी असते आणि जिच्या योगें तो हाडास जखडलेला असतो, तीस कंडरा म्हणतात. दोन हाडांस एकमेकांशीं बांधणारा अस्थिबंध निराळा. वर्तमानपत्रें या दोहोंची वारंवार गल्लत करतात, तिकडे वाचकानें लक्ष ठेवावें. पोटरींतील दोन मोठे स्नायू खालीं उतरत एका कंडरेंत संपतात व ती कंडरा टांचेच्या हाडास जाऊन मिळते. ती सुमारें १५ सेंटिमीटर लांब असून शरीरांतील सर्व कंडरांत जाड व बळकट आहे. कोणीहि आपल्या टांचेच्या वर दोन बोटांत धरून ती चाचपून पाहावी. याहून मौजेची एक परीक्षा वर्गांत करतां येण्याजोगी आहे. एका विद्यार्थ्यानें बाकावर गुडघे टेकून पावलें बाकाबाहेर सैल सोडावीं, व दुसऱ्यानें त्याची पोटरी हातानें दाबावी. पाऊल आपोआप खालीं झुकतें. कंडरा तुटलेली असल्यास पोटरी कितीहि दाबली तरी पाऊल जागचें हालत नाहीं. मैदानाच्या कडेस डॉक्टर ही साधी परीक्षा आधीं घेतात. यंत्रांचीं चित्रें मागाहून.

या कंडरेस ग्रीक वीर अकिलीज याचें नांव आहे. त्याच्या आईनें त्यास बालपणीं स्टिक्स नदींत बुडवून शस्त्रास अभेद्य केलें, परंतु ज्या टांचेस धरून बुडविलें ती टांच कोरडी राहिली. आणि पुढें तेथेंच बाण लागून तो पडला, अशी कथा आहे. व्हेरहेयन नांवाच्या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञानें १६९३ सालीं आपल्या ग्रंथांत या कंडरेस त्याचें नांव दिलें. आम्हांस मात्र या ठिकाणीं अकिलीजपेक्षां उत्पत्तीच्या पुस्तकांतील याकोब अधिक आठवतो. रात्रभर झुंजून त्यास आशीर्वाद मिळाला, परंतु जांघेच्या सांध्यास जो स्पर्श झाला त्यामुळें दिवस उजाडल्यावर तो लंगडत निघाला. अकिलीज परत आलाच नाहीं. याकोब परत आला, पण जसा गेला तसा आला नाहीं. आमच्या खेळाडूच्या प्रश्नाचें मर्म याच भेदांत आहे.

कंडरा नुसती दोरी नव्हे, ती धनुष्याची प्रत्यंचा आहे. प्रत्येक पावलागणिक ती ताणली जाऊन शक्ति सांठविते व पाऊल उचलतांना ती परत देते. धांवतांना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. वय वाढेल तसे तिचे तंतू न दुखतां झिजूं लागतात. टांचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर उंचीवरच्या भागांत रक्ताचा पुरवठा तुटपुंजा असतो, व बहुधा तेथेंच ती तुटते. पाय मागें रोवून एकाएकीं पुढें झेपावतांना हा प्रकार घडतो. प्रतिपक्ष्याचा धक्काहि लागावा लागत नाहीं. पाठीमागून कोणीं तरी लाथ मारली असें गड्यास वाटतें; तो वळून पाहतो, तों मागें कोणी नसतें.

आतां ती पुन्हां जुळते कशी हें पाहूं. येथें स्मिथच्याच चरित्रांत तुलनेसाठीं एक उत्तम साधन आहे. २००४ सालीं, कॅरोलायना पँथर्स संघांत असतां, हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत त्याच्या पायाचें हाड मोडलें व तो सारा हंगाम बुडाला. पुढल्या वर्षीं तो परतला आणि १०३ झेल, १,५६३ यार्ड व १२ टचडाउन अशी कामगिरी करून या तिन्ही बाबतींत सर्व लीगमध्यें अग्रस्थानीं राहिला. झेल व टचडाउन यांत एकेक गडी त्याच्या बरोबरीस होता, यार्डांत कोणीहि नव्हता. हाड मोडल्यानें त्याचें कांहींच गेलें नाहीं असें म्हणण्यास हरकत नाहीं. याचें कारण असें कीं, हाड हाडानेंच भरून येतें. नीट बसविलें तर कांहीं महिन्यांनीं तें पूर्वीइतकेंच मजबूत होतें. कंडरेची गोष्ट तशी नाहीं. शस्त्रवैद्य तुटलेलीं टोकें ओढून टांक्यांनीं शिवतो, परंतु मधली जागा जिनें भरते ती मूळची कंडरा नसून व्रणाची पेशीजाळी असते. पहिल्या कांहीं आठवड्यांत तीतील तंतू आडवेतिडवे व कच्चे असतात. पुढें महिनोगणती भार घेतां घेतां ते एका दिशेस लागतात व पक्के होतात. ही क्रिया वर्षाहूनहि अधिक काळ चालूं शकते, आणि ती पुरी झाल्यावरहि कंडरा जशी होती तशी होत नाहीं.

यांत एक गोष्ट फार महत्त्वाची असून तिकडे प्रेक्षकांचें लक्ष जात नाहीं. जुळतांना कंडरा लांबते. प्रत्यंचा सैल झाली तर धनुष्य कितीहि उत्तम असलें तरी बाण पूर्वीइतका दूर जात नाहीं; तद्वत् कंडरा थोडी जरी लांबली तरी पोटरीच्या स्नायूस पूर्ण जोर लावतां येत नाहीं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाऊल खालीं झुकलेल्या स्थितींत बुटांत ठेवतात व टांचेखालच्या पाचरी हळूहळू काढून घेतात. म्हणूनच गडी बरा झाला कीं नाहीं हें पाहण्यास त्यास एका पायावर उभें करून टांच उचलावयास सांगतात, आणि किती वेळां उचलली याबरोबर किती उंच उचलली हेंहि मोजतात. दुखऱ्या पायाची टांच दुसऱ्यापेक्षां बोटभर कमी उंच गेली, तर चालण्यांत तें कोणास दिसावयाचें नाहीं. रिसीव्हरच्या पहिल्या तीन पावलांत मात्र तें दिसेल, आणि सर्वांच्या आधीं त्याच्या समोर उभ्या असलेल्या प्रतिपक्ष्यास दिसेल.

अशा इजेनंतर किती गडी परततात, याची मोजदाद झालेली आहे. १९९७ ते २००२ या काळांत त्या लीगमधील ज्यांची टांचेची कंडरा तुटली, त्यांविषयींचा एक अभ्यास २००९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सुमारें एक तृतीयांश गडी पुन्हां कधींच खेळले नाहींत असें आढळलें; जे परतले त्यांस सरासरीनें अकरा महिने लागले, व त्यांची कामगिरी पूर्वीपेक्षां खालावली. २०१६ सालच्या दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासांत टांचेच्या कंडरेनंतर परतण्याचें प्रमाण शेंकडा ७२·५, तर गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेनंतर शेंकडा ५० इतकेंच आलें. परंतु २०११ सालीं गुडघ्याच्या याच कंडरेसंबंधीं जो अभ्यास झाला, त्यांत २४ इजांपैकीं १९ इजांनंतर गडी परतले असें म्हटलें आहे. एकाच इजेविषयीं एक पंडित निम्मे म्हणतो व दुसरा पांचांत चार म्हणतो, हें कसें? २०११ च्या अभ्यासांत निदान एका सामन्यांत जो उतरला त्यास परतलेला मानलें आहे. एक सामना खेळून पुढल्या आठवड्यांत ज्यास संघानें काढून टाकलें तोहि परतलाच, आणि दहा वर्षें गाजलेला तोहि परतलाच! शेंकडेवारी वाचतांना ती काय मोजते हें आधीं विचारावें, आणि मगच तिच्यावर आशा किंवा निराशा बांधावी. आमच्या मतें ‘परतणें’ या शब्दाखालीं दोन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत, आणि म्हाताऱ्या गड्याचा सारा प्रश्न या दोहोंमधील अंतराचा आहे.

हें अंतर किती असतें तें मायकेल क्रॅबट्री याच्या उदाहरणावरून समजेल. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांतील रिसीव्हर. २०१२ सालीं त्यानें ८५ झेल घेऊन १,१०५ यार्ड मिळविले. २०१३ च्या मे महिन्यांत सराव करतांना त्याची टांचेची कंडरा तुटली. वय अवघें २५. शस्त्रक्रिया लागलीच झाली, आणि त्याच वर्षीं डिसेंबरच्या १ तारखेस, म्हणजे सुमारें सहा महिन्यांत, तो मैदानावर उतरला. वर्तमानपत्रांनीं याचें कौतुक केलें, व तें योग्यच होतें. परंतु पुढें काय झालें? २०१४ चा संपूर्ण हंगाम तो खेळला व त्यास ६९८ यार्डच मिळाले. कित्येकांनीं तो संपला असें ठरविलें. संघानेंहि त्यास जाऊं दिलें. २०१५ सालीं तो ओकलंडच्या संघांत गेला व तेथें पुन्हां बरोबर ८५ झेल घेऊन ९२२ यार्ड मिळविले. २०१६ सालीं ८९ झेल व १,००३ यार्ड. म्हणजे पंचविशींतल्या गड्यास मैदानावर येण्यास सहा महिने पुरले, पण पूर्वीचा होण्यास दोन वर्षांहून अधिक लागलीं. बास्केटबॉलच्या खेळांत केव्हिन ड्युरंट याची हीच कंडरा २०१९ च्या जून महिन्यांत तुटली. तो पुढचा सबंध हंगाम बाहेर बसून दीड वर्षानें परतला, आणि परतला तो पूर्वीच्याच तोडीचा. त्याच्या संघास वाट पाहणें परवडलें, कारण तो त्या खेळांतील पहिल्या दोनचार गड्यांपैकीं होता व वयानें तिशींतच होता.

यावरून आम्हांस जें दिसतें तें असें: कंडरा तिच्या स्वतःच्या गतीनें बरी होते, आणि तें बरें होणें बहुधा दुसऱ्या वर्षीं पुरें होतें. तरुण गड्यास दुसरें वर्ष मिळतें. म्हाताऱ्यास तें मिळत नाहीं. तो पस्तिशीच्या पलीकडे असेल तर ज्या वर्षीं कंडरा अर्धी बरी असते तेंच त्याचें शेवटचें वर्ष असतें. संघाचे चालक निर्दय असतात असें नव्हे. त्यांच्यापुढें दरवर्षीं एकविशी-बाविशींतले नवे गडी उभे असतात व त्यांना पगारहि कमी द्यावा लागतो. तेव्हां म्हाताऱ्या गड्याची शर्यत डॉक्टरशीं नसून पंचांगाशीं असते.

दुसरें एक संकट असें कीं, एक पाय जपतांना दुसरा दगा देतो. न्यूयॉर्क जायंट्स संघाचा व्हिक्टर क्रूझ हा २०११ सालीं १,५३६ यार्ड मिळवून प्रसिद्धीस आला होता. २०१४ च्या ऑक्टोबरांत फिलाडेल्फिया येथें चेंडू झेलण्यास उंच उडी घेतांना त्याच्या उजव्या गुडघ्याची कंडरा तुटली. वय २७, म्हणजे म्हातारा म्हणण्याजोगें मुळींच नाहीं. पुढच्या वर्षीं तो परतण्याच्या तयारींत असतां डाव्या पोटरीचें दुखणें सुरू झालें, शेवटीं तिच्यावरहि शस्त्रक्रिया झाली, आणि सबंध २०१५ साल गेलें. २०१६ च्या सप्टेंबरांत डॅलस येथें तो पुन्हां उतरला, व जो टचडाउन घेऊन त्याचा संघ २० विरुद्ध १९ असा जिंकला तो त्यानेंच झेलला. त्याचें सुप्रसिद्ध नृत्य पाहण्यास प्रेक्षक जवळजवळ दोन वर्षें थांबले होते. परंतु त्या हंगामांतील तो त्याचा एकच टचडाउन ठरला. १५ सामन्यांत ३९ झेल झाले. २०१३ सालीं १४ सामन्यांत ७३ झाले होते. पुढें संघानें त्यास मोकळें केलें, व दुसऱ्या संघांतहि त्यास जागा मिळाली नाहीं. ओडेल बेकहॅम या तरुण गड्याकडे आतां अधिक चेंडू जात होते हेंहि येथें सांगितलें पाहिजे, नाहीं तर सर्व दोष गुडघ्याच्या माथीं मारल्यासारखें होईल.

डिमेरियस थॉमस याचें उदाहरण थोडक्यांत सांगतों. २०१२ पासून ओळीनें पांच हंगाम त्यानें हजारांवर यार्ड मिळविले होते. २०१८ च्या डिसेंबरच्या २३ तारखेस, एकतिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असतां, त्याची टांचेची कंडरा तुटली. पुढल्याच हंगामांत तो न्यूयॉर्क जेट्स संघाकडून ११ सामने खेळला, ४३३ यार्ड मिळविले, आणि तेथेंच त्याचा खेळ संपला. २०२१ च्या डिसेंबरांत तो अकालीं मरण पावला. अभ्यासकांच्या तक्त्यांत मात्र तोहि ‘परतलेला’ म्हणूनच जमा होईल.

या सर्वांहून वयानें मोठा असलेला स्मिथ आतां पुन्हां विचारांत घेऊं. पँथर्स संघानें तेरा हंगामांनंतर २०१४ च्या मार्च महिन्यांत त्यास काढून टाकलें होतें. तो बाल्टिमोरास गेला व त्या वर्षीं १,०६५ यार्ड मिळवून त्यानें उत्तर दिलें. जुन्या संघाशीं सामना पडला तेव्हां त्याच्याविरुद्ध दोन टचडाउन केले, हें वेगळेंच. मनुष्य हट्टी खरा. उंची अवघी पांच फूट नऊ इंच, म्हणजे या खेळाच्या मानानें ठेंगणाच. कंडरा तुटल्यानंतर दोन महिन्यांच्या आंत, २०१५ च्या ३० डिसेंबरास, निवृत्त होण्याचा बेत रद्द करून आणखी एक हंगाम खेळणार असें त्यानें जाहीर केलें. अंथरुणावर पडून खेळाचा शेवट व्हावा हें त्यास पटलें नाहीं. योगायोग असा कीं, त्याच्याकडे चेंडू फेंकणारा जो फ्लॅको याच्याहि गुडघ्याचा अस्थिबंध त्याच नोव्हेंबरांत तुटला होता. तेव्हां २०१६ च्या सप्टेंबरांत फेंकणारा व झेलणारा असे दोघेहि दुरुस्त केलेल्या पायांवर उभे राहिले.

आतां अंकगणित पाहूं. इजेपूर्वीं २०१५ सालीं स्मिथ ७ सामने खेळला होता. त्यांत ४६ झेल व ६७० यार्ड. इजेनंतर २०१६ सालीं १४ सामने. त्यांत ७० झेल व ७९९ यार्ड. दर सामन्याचे यार्ड पाहिले तर ते सुमारें ९६ वरून ५७ वर आले. परंतु दर सामन्याचे झेल साडेसहावरून पांचावर आले, म्हणजे त्या मानानें थोडेच घटले. दर झेलामागें यार्ड मात्र साडेचौदाहून किंचित् अधिक होते ते साडेअकराच्याहि खालीं आले. विद्यार्थ्यांनीं हे भागाकार स्वतः करून पाहावे. त्यांत कंडरेनें काय नेलें व काय ठेविलें हें जवळजवळ स्वच्छ वाचतां येतें. लांब पल्ल्यावर प्रतिपक्ष्यास मागें टाकणें, झेलल्यानंतर आणखी चार-पांच यार्ड ओढून नेणें, हें प्रत्यंचेचें काम, तें घटलें. प्रतिपक्ष्याच्या खांद्याचा कल पाहून कोणत्या पावलावर वळावें हें ओळखणें, अंग मध्यें घालून चेंडू आपल्या बाजूस राखणें, दोन गड्यांच्या कोंडींत हात बंद करणें, हीं कामें कंडरेचीं नव्हत. तीं पंधरा वर्षांत शिकलेलीं होतीं, व शस्त्रवैद्यास त्यांत कांहीं शिवावें लागलें नाहीं. एका हंगामाच्या आंकड्यांवर फार मोठी इमारत उभारूं नये हें आम्ही जाणतों. २०१५ चे सामने सातच होते. तरीहि झेल टिकतात व यार्ड गळतात, हा प्रकार आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

म्हणून म्हाताऱ्या रिसीव्हरच्या परतण्याविषयीं कोणीं विचारल्यास आम्ही प्रथम त्याचें वय विचारणार नाहीं. त्याचा पूर्वीचा खेळ कशावर उभा होता हें विचारूं. केवळ वेगावर उभा असेल तर आशा थोडी. चातुर्यावर असेल तर अधिक, पण तीहि थोड्या कमी पल्ल्याच्या खेळाची. त्यानंतर इजा हंगामाच्या कोणत्या महिन्यांत झाली हें पाहूं. आरंभीं झाली तर पुढल्या हंगामापूर्वीं पुरतें वर्ष मिळतें. अखेरीस झाली तर आठनऊ महिन्यांतच उभें राहावें लागतें. थॉमसला अखेरीची इजा नडली असावी, असा आमचा तर्क आहे. खेळांतील जागेचाहि विचार हवा. आरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक २०२३ च्या सप्टेंबरांत, ३९ व्या वर्षीं, हीच कंडरा तुटून पडला व पुढल्या वर्षीं सर्व १७ सामने खेळला. परंतु क्वार्टरबॅक उभा राहून फेंकतो, रिसीव्हर त्याच्यासाठीं धांवतो, हें विसरून त्याचा दाखला रिसीव्हरला लावूं नये.

२०१६ च्या ऑक्टोबरच्या २ तारखेस बाल्टिमोर येथें रेव्हन्स व ओकलंडचा संघ यांचा सामना झाला. एका बाजूस स्मिथ, कंडरा तुटून अकरा महिने झालेला. दुसऱ्या बाजूस क्रॅबट्री, तुटून तीन वर्षें उलटलेला. त्या दिवशीं क्रॅबट्रीनें तीन टचडाउन केले. स्मिथनें ८ झेल घेऊन १११ यार्ड मिळविले, आणि त्यांतील एक चेंडू घेऊन तो ५२ यार्डांचा टचडाउन करून आला. त्या धांवेंत त्याच्या मागें लागलेले गडी त्याच्याहून दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षांनीं लहान असतील. सामना ओकलंडनें २८ विरुद्ध २७ असा जिंकला. पुढल्याच आठवड्यांत स्मिथचा घोटा दुखावला व दोन सामने त्यास बाहेर बसावें लागलें. मग तो पुन्हां आला. त्याच हंगामांत त्याचे एकंदर झेल हजारावर गेले.

२०१७ च्या जानेवारीच्या १ तारखेस सिनसिनाटी येथें तो शेवटचा सामना खेळला. रेव्हन्स २७ विरुद्ध १० असे हरले. त्याच्या नांवावर त्या दिवशीं १,०३१ झेल व १४,७३१ यार्ड जमा होते. त्यांपैकीं ७० झेल व ७९९ यार्ड शिवलेल्या कंडरेवर मिळविलेले.